विंचेस्टरचं गोल टेबल आणि नाइट मंडळींचा जमाखर्च

नदीकाठ

मंडळी, गेल्या महिन्यात बहिणीकडे साउदॅम्प्टनला होतो. एक दिवस पाऊस काही हटेना आणि घरात भाचा डोकं उठवत होता, म्हणून त्याला घेऊन आगगाडीनं विंचेस्टर गाठलं. तिथल्या जुन्या किल्ल्याचा आता एक दरबारी दिवाणखाना तेवढा उभा आहे आणि त्याच्या भिंतीवर दंतकथेतल्या आर्थर राजाचं गोल टेबल टांगलंय. हो, टांगलंय. साडेपाच मीटर व्यास, ओकचे १२१ तुकडे जोडून केलेलं, वजन सुमारे १२०० किलो. हिरवे-पांढरे पट्टे, मधोमध ट्यूडर घराण्याचा गुलाब, कडेनं त्याच्या २४ नाइटांची (म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या योद्ध्यांची) नावं, आणि वरच्या अंगाला आर्थर म्हणून बसवलेला एक दाढीवाला राजा. भाचा दोन मिनिटं मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा तर डार्टबोर्ड आहे."

टेबल आर्थरचं नाही, हे तिथले लोकही सरळ सांगतात. १९७० च्या दशकात ते खाली उतरवून लाकडाची वलयं मोजली, तेव्हा झाडं तेराव्या शतकात तोडलेली निघाली. आर्थर खरंच होऊन गेला असेल तर इसवी सन ५०० च्या आसपास. मधे साडेसातशे वर्षं! बहुधा पहिल्या एडवर्डनं १२९० च्या सुमारास विंचेस्टरला टूर्नामेंट (नाइटांचे लढाईचे खेळ) भरवली, तिच्यासाठी हे करवून घेतलं. रंगकाम तर आणखी उशिराचं, आठव्या हेन्रीच्या काळातलं. १५२२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स आला तेव्हा हेन्रीनं त्याला हे टेबल कौतुकानं दाखवलं. आर्थरचं तोंड यजमानासारखंच कसं, असं चार्ल्सच्या मनात आलंही असेल, पण पाहुण्यानं बोलायचं नसतं.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच: राजाला एवढं अवजड सोंग करायची गरज का पडली?

गंमत बघा. आर्थर मुळात वेल्श लोकांचा वीर. तो लढला सॅक्सनांशी, म्हणजे इंग्रजांच्याच पूर्वजांशी. ११३६ च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीनं लॅटिनमध्ये त्याची कहाणी फुलवली. ११५५ मध्ये वेस नावाच्या जर्सी बेटावरच्या कवीनं फ्रेंचमध्ये सांगताना त्यात गोल टेबल आणून ठेवलं, का तर कोण वर बसला कोण खाली यावरून भांडणं नकोत (लग्नाच्या पंगती वाढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल). मग क्रेतिएँ द त्रॉय या फ्रेंच कवीनं नाइट लान्सलॉट आणि आर्थरची राणी यांचं प्रकरण आणलं, ग्रेल हे पवित्र पात्र आणलं. इकडे वेल्श लोक म्हणत, आर्थर मेलाच नाही, तो परत येणार. हे इंग्रज राजाला कसं परवडावं? ११८४ मध्ये ग्लास्टनबरीचा मठ जळाला. बांधकामाला पैसा हवा होता, आणि ११९१ मध्ये तिथल्या साधूंना नेमकं आर्थरचं थडगं 'सापडलं'. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डनं ते उघडून हाडं थाटामाटात पुन्हा पुरली. आदल्याच वर्षी त्यानं वेल्सच्या लिवेलिनला नमवलं होतं. तुमचा आर्थर गेला, ही बघा हाडं. गादीवर आता मी.

इथवर राजकारण झालं. मला खरा धक्का बसला तो पुढे वाचताना. याच शतकात राजाचे अंमलदार गावोगाव फिरून ज्याच्या जमिनीचं वार्षिक उत्पन्न २० पौंड आहे (पुढे ही मर्यादा ४० झाली) त्याला सांगत होते, नाइट हो, नाहीतर दंड भर. आणि लोक दंड भरत होते! कारण नाइट म्हणजे लढाईचा घोडा, बदली घोडा, चिलखत, मोतद्दार, पोरगा-सोरगा नोकर, सगळं पदरचं. वर परगण्याच्या कोर्टात पंच म्हणून फुकट खेपा. गोष्टीत पोरं नाइट होण्यासाठी जीव टाकतात आणि दप्तरात बाप्ये नाइट व्हायला नको म्हणून पैसे मोजतात. राजांनाही हे इतकं सोयीचं पडलं की १६३० मध्ये पहिल्या चार्ल्सनं धूळ झटकून तोच नियम पुन्हा लावला आणि दंड गोळा केले. १६४१ मध्ये पार्लमेंटनं तो कायमचा बंद केला.

तर धाग्याचा विषय हा. या शौर्यकथांच्या खालून जमाखर्च डोकावतो, अशा जागा तुमच्या वाचनात आल्या असतील तर लिहा.


सांडगे_मिरची

डार्टबोर्ड! भाच्याला माझ्याकडून एक चॉकलेट. वाखु (वाचनखूण) साठवली.


तिरकस तात्या

लेख ठीक, पण 'नाइट' म्हटलं की मला कारखान्यातली रात्रपाळी आठवते. सरदार म्हणायला काय होतं?


नदीकाठ

तात्या, सरदार म्हटलं की हाताखाली फौज आली. यांच्यातल्या कित्येकांकडे एक गाव आणि दोन घोडी. स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार, या हिशेबानं 'शिलेदार' जवळ जातो. आणि ज्याला धनी घोडं देतो तो बारगीर. पण 'गोल टेबलाचे शिलेदार' लिहिलं की कुणाला काय कळेना, म्हणून राहू दिलं नाइट.


खडूपुसणी

जमाखर्चच हवा असेल तर विल्यम मार्शलला पर्याय नाही. आर्थर कल्पनेतला, हा हाडामांसाचा. जन्म ११४७ च्या आसपास, मृत्यू १२१९. त्याच्या मुलानं बापाचं चरित्र फ्रेंच पद्यात लिहवून घेतलं, १९ हजारांहून जास्त ओळी. घराण्याची बखरच म्हणा. त्यामुळे बढाई वजा करून वाचायचं, पण तपशील असे आहेत की कुणी उगाच रचणार नाही.

पाच-सहा वर्षांचा असताना बापानं त्याला स्टीफन राजाकडे ओलीस ठेवलं आणि शब्द मोडला. राजा म्हणाला, पोराला फासावर देतो. बाप म्हणाला, खुशाल द्या, याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी आहेत. राजालाच दया आली म्हणून पोर वाचलं.

हा धाकटा मुलगा, वाट्याला जमीन नाही. पहिल्या लढाईत जिवावर उदार होऊन लढला, घोडा मेला, हाती काही नाही. संध्याकाळी मेजवानीत एका बड्या सरदारानं सगळ्यांसमोर विचारलं, "मार्शल, मला एक भेट दे. घोड्याचा पट्टा, नाहीतर जुना गळपट्टा." हा भाबडेपणानं म्हणाला, माझ्याकडे कधी नव्हताच. सरदार म्हणाला, "काय सांगतोस! आज तुझ्या पुढ्यात चाळीस-साठ तरी होते." सगळे खो खो हसले. शत्रूचा घोडा आणि सामान धरायचं असतं, हे पोराला ठाऊक नव्हतं. साधं तट्टू घ्यायला त्याला अंगावरचा झगा विकावा लागला.

पुन्हा ती चूक त्यानं केली नाही. तेव्हाची टूर्नामेंट म्हणजे सिनेमात दिसते तशी दोघांची समोरासमोर भाला-दौड नव्हे. दोन टोळ्या, मैलोगणती उघडं रान, आणि जो हाती लागेल त्याला धरायचं. धरलेल्याचा घोडा आणि चिलखत तुमचं, वर सुटकेची खंडणी. मार्शलनं रॉजर द गॉजी नावाच्या दुसऱ्या नाइटशी चक्क भागीदारी केली. नफा निम्मा निम्मा. दहा महिन्यांत १०३ नाइट धरले, आणि हा आकडा आपल्यापर्यंत आला तो मुदपाकखान्याचा कारकून विगेन यानं टिपून ठेवला म्हणून.

एकदा बक्षीस द्यायला त्याला शोधायला गेले तर हा लोहाराकडे. डोकं ऐरणीवर, आणि लोहार ठोकतोय. मार खाऊन खाऊन शिरस्त्राण असं चेपलं होतं की निघेना.

मरताना त्याला कुणीतरी सांगितलं, लोकांचं घेतलेलं परत केल्याशिवाय स्वर्ग नाही. तो म्हणाला, मी ५०० नाइट धरलेत, त्यांचं सगळं आता कुठून परत करू? पाद्री लोक आमची फारच बारीक हजामत करतात. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरची दगडी मूर्ती आहे, नदीकाठ, पुढच्या खेपेला भाच्याला तिथे न्या.


मोरपीस

खडूपुसणी, झकास. पण जमाखर्चाची मोठी नोंद तुमच्याकडून सुटली. मार्शल श्रीमंत झाला तो टूर्नामेंटमुळे नाही, लग्नामुळे. ११८९ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाला राजानं इझाबेल द क्लेअर दिली. 'दिली' हाच शब्द. ती सतराएक वर्षांची, बाप वारलेला, आणि तिच्या नावावर वेल्सच्या सीमेवरचा मुलूख, शिवाय आयर्लंडमधलं लेन्स्टर. लग्नापर्यंत तिला लंडनच्या टॉवरमध्ये राजाच्या ताब्यात ठेवलेली होती.

हे अपवादानं घडत नसे, ते एक खातंच होतं. राजाचं मोठं कूळ वारलं आणि वारस अज्ञान असला की जमीन, पोर आणि त्या पोराचं लग्न ठरवायचा हक्क, तिन्ही राजाकडे. तो हक्क विकता यायचा. ११८५ मध्ये दुसऱ्या हेन्रीनं १२ परगण्यांमधल्या अशा विधवांची आणि पोरक्या मुलांची मोजदाद करवली. बाईचं वय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न काय, त्यावर मेंढ्या किती, बैल किती, आणखी जनावरं घातली तर उत्पन्न किती वाढेल. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत निदान उंची आणि वर्ण तरी असतो.

मग त्या शौर्यकथा पुन्हा वाचा. कफल्लक देखणा नाइट, किल्ल्यात अडकलेली वारसदार राजकन्या, राक्षसाला मारलं की कन्या आणि अर्धं राज्य. मला तरी त्या राक्षसाच्या जागी तिजोरीचा कारकून दिसतो. बिनजमिनीच्या धाकट्या मुलांचं स्वप्न आहे ते. १२१५ च्या मॅग्ना कार्टात (राजाकडून उमरावांनी लिहून घेतलेल्या सनदेत) एक कलम आहे: नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर विधवेवर लग्नाची जबरदस्ती करू नये. कलम घालावं लागलं, यातच काय ते समजा.

(अवांतर: चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्यानं बाथच्या बाईच्या तोंडी घातलेली गोष्ट जरूर वाचा. ती आर्थरच्याच दरबारात घडते, पण तिची सुरुवात होते त्या दरबारच्या एका नाइटनं वाटेवरच्या मुलीवर केलेल्या बलात्कारापासून. राणी त्याला शिक्षा देते: एक वर्ष आणि एक दिवस, बायकांना काय हवं असतं ते शोधून ये.)


सांडगे_मिरची

मग सापडलं का त्याला?


मोरपीस

सापडलं. स्वतःवर स्वतःची सत्ता, आणि जमल्यास नवऱ्यावरही. :)


लेस्टरकर

मी राहतो तिथून न्यूबोल्ड रेव्हल फार लांब नाही. वॉरिकशायरमधलं हे ठिकाण सर टॉमस मॅलरीचं, असं बहुतेक अभ्यासक धरतात. आज जगभर आर्थरची जी गोष्ट सांगतात तिचा इंग्रजी गाभा याच्या पुस्तकातला: 'ल मॉर्त दार्थर'. १४६९-७० मध्ये पुरं झालं. शेवटी तो वाचकांना विनवतो, माझ्या सुटकेसाठी प्रार्थना करा. कारण पुस्तक तुरुंगात लिहिलंय.

आता आरोपपत्र ऐका. १४५० मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकवर दबा धरून हल्ला. खंडणी. गुरं पळवली, मेंढ्या पळवल्या. कोठडीतून निसटला तो खंदक पोहून, आणि लगेच कूम्बच्या मठावर दोनदा दरोडा. ह्यू स्मिथ नावाच्या माणसाच्या बायकोवर दोनदा बलात्कार. त्याआधी पार्लमेंटचा सभासद राहून चुकलेला. खटला कधी उभाच राहिला नाही, पण बरीच वर्षं आत गेली, आणि १४६८ च्या सार्वत्रिक माफीतून एडवर्ड चौथ्यानं त्याला नाव घेऊन वगळलं.

आणि याच माणसाच्या पुस्तकात गोल टेबलाचे नाइट दरवर्षी शपथ घेतात. खून नको, दयेची याचना करणाऱ्याला मारायचं नाही, स्त्रियांचं रक्षण करायचं, त्यांच्यावर जबरदस्ती केली तर मृत्युदंड, आणि मालमत्तेच्या लोभानं खोट्या भांडणात उतरायचं नाही. ही शपथ त्याला फ्रेंच पोथ्यांत मिळालेली नाही, ती त्यानं स्वतः घातली.


तिरकस तात्या

म्हणजे चोरानं लिहिलेलं चोरीविरुद्धचं कीर्तन. संपलं की. कशाला एवढं डोक्यावर घ्यायचं?


लेस्टरकर

तात्या, इतकं सोपं नाही. तो काळ गुलाबांच्या युद्धाचा, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत पेटलेल्या भांडणाचा. बकिंगहॅमशी वाकडं आलं की स्थानिक पंच बकिंगहॅमचेच असायचे, त्यामुळे आरोपांत राजकारण किती ते वेगळं काढता येत नाही. बलात्काराचा आरोप बाईनं स्वतः केलेला नाही, नवऱ्याच्या नावावर आहे. तेव्हाचा कायद्याचा लॅटिन शब्द 'राप्तुस', त्यात पळवून नेणंही यायचं. चॉसरवर हाच शब्द चिकटला होता, १३८० च्या कागदावरून. मग २०२२ मध्ये नवे कागद उजेडात आले आणि ते प्रकरण निघालं नोकरीचं! सेसिली शोंपेन नावाची बाई एका मालकाची नोकरी सोडून चॉसरकडे गेली, म्हणून मालकानं दोघांवर मजूर कायद्याखाली दावा लावलेला. काळ्या महामारीत माणसं निम्म्यावर आली, मजुरी वाढली, ती दाबायला १३५१ मध्ये केलेला तो कायदा.

पण मॅलरीच्या कागदात 'तिच्याशी संग केला' असं स्पष्ट आहे, त्यामुळे त्याला मी चॉसरसारखा सोडवू बघत नाही. एवढंच म्हणेन की शपथेतली कलमं वाचताना मला समोर आदर्श दिसत नाही. त्याच्या परगण्यात रोज काय चाललं होतं त्याची यादी दिसते.

आणि नदीकाठ, तुमचं टेबल इथेही आहे. आर्थरची राजधानी कॅमलॉट म्हणजे विंचेस्टरच, असं मॅलरी म्हणतो. छापखानेवाल्या कॅक्स्टननं ३१ जुलै १४८५ ला पुस्तक छापून पुरं केलं. प्रस्तावनेत आर्थर खरा होता याचे पुरावे देताना तो सांगतो, डोव्हरच्या किल्ल्यात आर्थरचा नाइट गावेन याची कवटी आहे, विंचेस्टरला गोल टेबल आहे. आणि कॅमलॉट मात्र वेल्समध्ये टाकतो! मॅलरीचं हस्तलिखित १९३४ मध्ये सापडलं, तेही विंचेस्टरच्याच शाळेत.


नदीकाठ

लेस्टरकर, दंडवत. कवटीचं माहीत नव्हतं.


रानवाट

सगळे गढीवरच बसलात, थोडं जंगलात या. रॉबिन हूडची सर्वांत जुनी मोठी गाथा १५०० च्या आसपास छापलेली मिळते. तिच्यात रॉबिन उमराव नाही, 'योमन' आहे, म्हणजे नाइटाच्या खालचा आणि कुळाच्या वरचा. सरदारकी त्याला १५९८ मध्ये एका नाटककारानं चिकटवली. राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. प्रेयसी मॅरियनचा पत्ता नाही. ठिकाणही मुख्यतः यॉर्कशायरचं बार्न्सडेल.

आणि गाथेचं मुख्य कथानक काय? कर्ज! रॉबिनच्या माणसांना एक उदास नाइट भेटतो. जेवण घालतात, मग विचारतात, जवळ काय आहे? तो म्हणतो, दहा शिलिंग. रॉबिनचा साथीदार लिटल जॉन झडती घेतो, नेमके दहाच. खरं बोलला म्हणून पुढची चौकशी. त्याच्या मुलानं भाल्याच्या खेळात माणूस मारला, त्याला सोडवायला बापानं यॉर्कच्या सेंट मेरी मठाकडे जमीन गहाण टाकली, ४०० पौंडांना. मुदत संपत आली आहे आणि मठाधिपती जमिनीवर डोळा ठेवून बसलाय. जामीन कोण? नाइट म्हणतो, माता मेरी सोडून कुणी नाही. रॉबिन म्हणतो, ती चालेल, आणि ४०० पौंड मोजून देतो. वर कापड देताना लिटल जॉन धनुष्यानं मापतो आणि दर मापाला तीन फूट जास्त सोडतो.

वर्षानं मुदतीच्या दिवशी त्याच मठाचा कोठीवाला साधू रानातून जातो. जवळ काय आहे? म्हणे २० मार्क. झडतीत निघतात ८०० पौंडांवर. रॉबिन म्हणतो, वा, मेरीनं मुद्दल दुप्पट करून पाठवलं! नंतर नाइट पैसे घेऊन येतो तेव्हा रॉबिन घेतच नाही. तुझ्या जामिनानं फेडलं म्हणतो, आणि वरचे ४०० त्यालाच देतो.

श्रीमंतांचं लुटून गरिबांना वगैरे नंतरचं आहे. इथे एका कर्जबुडीत निघालेल्या जमीनवाल्याला वाचवलंय. नदीकाठनी सांगितलेले २०-४० पौंडवाले आठवा, ते ही गाथा ऐकताना कुणाच्या बाजूनं असतील?


तिरकस तात्या

हे मात्र आवडलं. मेरीला जामीन ठेवणारा सावकार पहिल्यांदाच ऐकला.


पिंपळपान

उशिरा आले, पण 'सर गावेन आणि हिरवा नाइट' कुणीच काढलं नाही? चौदाव्या शतकाची अखेर, कवीचं नाव कुणाला माहीत नाही, बोली चेशर-स्टॅफर्डशायरकडची, २५३० ओळी, आणि जगात एकच हस्तलिखित. १७३१ मध्ये ज्या घराला आग लागून कितीतरी पोथ्या गेल्या, त्याच घरात हेही होतं. वाचलं. छापलं गेलं थेट १८३९ मध्ये.

नववर्षाच्या मेजवानीत नखशिखान्त हिरवा माणूस घोड्यासकट आत येतो. म्हणतो, माझं डोकं उडवा, वर्षानं मी तुमचं उडवीन. गावेन उडवतो. तो माणूस डोकं उचलतो आणि निघून जातो. वर्षानं गावेन शोधत निघतो, वाटेत एका गढीत थांबतो. यजमान सौदा करतो: मी शिकारीत जे मिळवीन ते तुझं, तू घरात जे मिळवशील ते माझं. रोज सकाळी यजमानीणबाई गावेनच्या खोलीत. पहिल्या दिवशी हरणांच्या बदल्यात एक चुंबन, दुसऱ्या दिवशी रानडुकराच्या बदल्यात दोन, तिसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या बदल्यात तीन. गावेन इमानानं यजमानाला देतो, आणि दोघं हसत हसत बाजारातली भाषा बोलतात: सौदा, भाव, स्वस्तात पडलं. फक्त तिसऱ्या दिवशी बाईनं दिलेला हिरवा पट्टा तो दडवतो, कारण त्यानं जीव वाचतो असं ती म्हणालेली असते.

शेवटी हिरव्या नाइटपुढे मान झुकवतो तेव्हा तेवढ्यासाठी मानेवर एक बारीक चीर पडते. हिरवा नाइट म्हणजे तोच यजमान, आणि तो म्हणतो, जीव प्यारा म्हणून केलंस, मी तुला फार दोष देत नाही. गावेनला मात्र ते आयुष्यभर लागतं. दरबारात येऊन सगळं सांगतो, तर बाकीचे हसतात आणि फॅशन म्हणून सगळेच हिरवे पट्टे बांधतात. हे हसणं प्रेमाचं की उथळपणाचं, यावर मी आणि माझी मैत्रीण वीस वर्षं भांडतोय.

कवितेत ही शेवटची भेट होते ते 'हिरवं चॅपल' म्हणजे स्टॅफर्डशायरमधली लड्स चर्च नावाची खडकातली चीर, असं अनेक जण मानतात. शंभर मीटरच्या वर लांब, अठराएक मीटर खोल, दोन्ही भिंतींवर नुसतं शेवाळ. मी उन्हाळ्यात गेले होते, तरी आत शिरताच गारठा.


नदीकाठ

हे भाच्याला वाचून दाखवलं. मार्शलच्या शिरस्त्राणावर पोट धरून हसला. आता लड्स चर्चचा हट्ट धरलाय. डिसेंबरात मी पुन्हा तिकडे आहे, गावेनसारखंच नववर्षाला जायचं म्हणतोय. जमेल का?


पिंपळपान

जमेल, पण पोराला घट्ट पकडीचे बूट घाला. आत तळाला कायम चिखल असतो आणि पायऱ्या निसरड्या. शिवाय चार वाजता अंधार पडतो, तेव्हा सकाळीच जा.


सांडगे_मिरची

आणि कुणी पट्टा देऊ केला तर घेऊन ठेवा.